मदत हवी आहे: सायंकाळी कनेक्शन पूल संपतो, पण डेटाबेस निवांत दिसतो

नमस्कार,

एका पतसंस्थेच्या पिग्मी ठेवींचे सॉफ्टवेअर मी सांभाळतो. जावा १७, स्प्रिंग बूट २.७, त्यासोबतच येणारा हिकारीसीपी हा पूल (डेटाबेसशी जोडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांचा साठा) आणि पोस्टग्रेस्क्यूएल १४ अशी मांडणी असून ॲप्लिकेशन सर्व्हर एकच आहे. दिवसभर काहीही तक्रार नसते. मात्र सायंकाळी सहाच्या सुमारास सगळे एजंट दिवसभराचा भरणा मोबाइलवरून एकदम पाठवू लागले, की काही मिनिटांतच लॉगमध्ये ‘कनेक्शन इज नॉट अवेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आउट आफ्टर ३०००० एमएस’ या ओळींची रांग लागते. खातेदाराने रोख रक्कम एजंटाच्या हाती दिलेली असते आणि खात्यावर नोंद पडलेली नसते, त्यामुळे हा प्रकार मला फार काळ चालू द्यायचा नाही.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की पूलची आकडेवारी एकूण १०, वापरात १०, मोकळी ०, प्रतीक्षेत २३ असे सांगत असताना डेटाबेस सर्व्हरचा सीपीयू जवळजवळ स्वस्थ असतो. त्याच वेळी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी ही पोस्टग्रेसची चालू कनेक्शनांची यादी पाहिली, तर दहाही कनेक्शने ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या अवस्थेत (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा बदलांचा गट, उघडे पण निष्क्रिय) दिसतात. म्हणजे एकही क्वेरी चालू नाही, कुलपासाठी कोणी थांबलेले नाही, आणि तरीही कनेक्शन परत मिळत नाही.

कुठेतरी कनेक्शन बंद करायचे राहून जात असावे, या शंकेने लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (कनेक्शन किती वेळ परत आले नाही तर इशारा द्यायचा, ती मर्यादा) २० सेकंदांवर ठेवून पाहिला. इशारे आले, पण थोड्याच वेळात तीच कनेक्शने पूलमध्ये परत आल्याचीही नोंद आली, म्हणजे ती खरोखर हरवलेली नव्हती. नंतर पूलचा कमाल आकार १० वरून ३० केला. चार दिवस शांततेत गेले आणि महिनाअखेरीस, भरणा वाढताच, तेच पुन्हा घडले.

संबंध असेल की नाही ते कळत नाही, पण एक बाब सांगून ठेवतो. भरणा फसला तरी तो कोणी आणि केव्हा पाठवला होता याची ऑडिट नोंद राहिली पाहिजे, म्हणून ती नोंद स्प्रिंगचा ‘रिक्वायर्स न्यू’ हा पर्याय वापरून स्वतंत्र ट्रान्झॅक्शनमध्ये होते. पूल आणखी वाढवावा, की दोष अन्यत्र शोधावा?

प्रतिसाद:

आपण शेवटी जे सांगितले आहे, तेच बहुधा मूळ कारण आहे. ‘रिक्वायर्स न्यू’ म्हटले, की स्प्रिंग बाहेरचे ट्रान्झॅक्शन तात्पुरते बाजूला ठेवते, पण त्याचे कनेक्शन सोडत नाही, आणि आतल्या ट्रान्झॅक्शनसाठी पूलकडे दुसरे मागते. दहा विनंत्यांनी एकेक कनेक्शन घेतले आणि दहाही जणी दुसऱ्यासाठी थांबल्या, तर कोणीच पुढे सरकू शकत नाही. डेटाबेसला हा पेच दिसतच नाही, कारण वाट पाहणे ॲप्लिकेशनच्या आत चालले आहे. म्हणून सीपीयू स्वस्थ आणि कनेक्शने ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून बसलेली.

पूल वाढवून हा पेच टाळायचा, तर हिकारीसीपीच्या दस्तऐवजात दिलेले सूत्र वापरावे लागेल: थ्रेडची (एकाच वेळी विनंत्या हाताळणाऱ्या धाग्यांची) संख्या गुणिले (प्रत्येकाला एका वेळी लागणारी कनेक्शने उणे एक), अधिक एक. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे मूळ २०० थ्रेड आणि प्रत्येकी दोन कनेक्शने धरली, तर आकडा २०१ येतो, तर पोस्टग्रेसची कनेक्शन मर्यादा मुळात १०० असते. ती मर्यादा वाढवता येते, पण एकेक कनेक्शन म्हणजे डेटाबेसवर एकेक स्वतंत्र प्रोसेस, तेव्हा तो मार्ग मी घेणार नाही.

खात्री करण्यासाठी चाचणी सर्व्हरवर पूल २ चा ठेवा आणि दोन भरणे एकाच क्षणी पाठवा. उपाय म्हणून ऑडिट नोंद कमिटनंतरच्या (ट्रान्झॅक्शन कायम झाल्यावर आपोआप चालणाऱ्या) लिसनरमध्ये हलवण्याचा मोह होईल, पण त्याने भागत नाही, कारण तो लिसनर चालतो तेव्हाही मूळ कनेक्शन अजून सोडलेले नसते. ऑडिटला वेगळा छोटा पूल द्या, किंवा दोन्ही ट्रान्झॅक्शने एकात एक न ठेवता एकामागून एक करा. दुसरा मार्ग घेतलात, तर स्प्रिंग बूटचे ‘ओपन इन व्ह्यू’ हे सेटिंग बंद करा. ते मुळात चालू असते आणि विनंती संपेपर्यंत कनेक्शन धरून ठेवते.

प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. पूल २ चा ठेवताच दोन भरण्यांत दोन्ही विनंत्या ३० सेकंद अडकून पडल्या. जो दोष मी तीन आठवडे शोधत होतो, तो पहिल्याच प्रयत्नात समोर आला.

आता आधी ‘प्रलंबित’ अशी ऑडिट नोंद करून ती कमिट करतो आणि मग भरण्याचे ट्रान्झॅक्शन सुरू करतो. ‘यशस्वी’ हा शेरा त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पडतो, आणि भरणा फसला तर ‘अयशस्वी’ हा शेरा रोलबॅक झाल्यावर (ते ट्रान्झॅक्शन रद्द झाल्यावर) बाहेरून पडतो. ‘ओपन इन व्ह्यू’ बंद केल्यावर दोन अहवालांत लेझी लोडिंगच्या (माहिती गरज पडेल तेव्हाच आणण्याच्या) चुका आल्या, त्या जॉइन फेचने (ती माहिती मूळ क्वेरीतच आणून) सुटल्या. पूल पुन्हा १० वर आणला आहे आणि पाच सायंकाळी एकही टाइमआउट झालेला नाही.

एक प्रश्न उरतो. मधेच सर्व्हर बंद पडला, तर नोंद ‘प्रलंबित’ राहील. मोबाइलवर तयार होणाऱ्या पावती क्रमांकाला युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न स्वीकारणारे बंधन) लावल्यामुळे एजंटाने पुन्हा पाठवले तरी भरणा दोनदा पडणार नाही, पण त्याने पाठवलेच नाही, तर त्या नोंदी दर तासाला तपासाव्यात, की दिवसअखेरच्या रोख ताळमेळात घ्याव्यात? ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.