लांडगाच का वऱ्हाडी?

बी-४०२: नमस्कार. शनिवारच्या गोष्टींच्या तासाबद्दल बोलायचंय. लाल टोपीवाली पुस्तकी मराठी बोलते, आजी पुस्तकी, शिकारीही पुस्तकी. वऱ्हाडी फक्त लांडगा. लांडगाच का?

सी-१०१ काका: ज्यांनी मुलांसाठी वेळ काढला त्यांचे आभार मानायचे सोडून तक्रारी!

बी-४०२: काका, आभार त्याच दिवशी याच ग्रुपवर मानलेत. वर जाऊन बघा.

ए-३०४: मीच सांगितली होती. "तुले नीट पाह्याले!" म्हटलं की मुलं हसून लोळतात, म्हणून केलं. कुणाला दुखवायचं नव्हतं.

बी-४०२: ताई, ते माहीत आहे मला. पण मागच्या वेळी तीन डुकरांतलं आळशी डुक्कर मालवणी होतं आणि विटांचं घर बांधणारं पुस्तकी.

डी-५०१: हो! आमच्या सासूबाई तेव्हाच बोलल्या होत्या. पार्किंगनंतर अजून एक वाद नको म्हणून मी गप्प बसले.

सी-१०१ काका: पार्किंग मध्येच कुठून आलं? तो विषय सभेत मिटलाय.

डी-५०१: तुमच्यापुरता.

सचिव: कृपया विषयाला धरून बोला. आणि क्लबहाऊसची किल्ली कोणाकडे आहे?

बी-४०२: लांडगाच का?

ए-६०२: मी म्हणतो, मूळ गोष्ट आहे तशी इंग्रजीत सांगा ना. शाळेतही उपयोग होईल.

ए-३०४: मूळ कुठली, दादा? १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरो या लेखकाने छापली त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. शिकारी येऊन सोडवतो ते १८१२ च्या ग्रिम बंधूंच्या जर्मन संग्रहात. दोन्हीकडे इंग्रजी नाही.

ए-६०२: अच्छा. मला शिकारी पहिल्यापासूनच आहे असं वाटायचं.

सी-१०१ काका: ते असू दे, पण मुलांना शुद्ध मराठी कधी येणार?

बी-४०२: काका, परवा माझी लेक तिच्या आजीशी फोनवर बोलत होती. मध्येच म्हणाली, "आजी, तू लांडग्यासारखं का बोलतेस?" आई गप्पच झाली. मग पुस्तकी बोलायला लागली. नातीशी. म्हणून विचारतेय, लांडगाच का?

डी-५०१: अगं बाई.

सी-२०३ आजी: शुद्ध म्हणजे काय हो? माझ्या आईने चिऊ-काऊ आणि भोपळ्यातली म्हातारी आमच्या बोलीतच सांगितली. वाघ तसाच बोलायचा आणि वाघाला गंडवणारी म्हातारीही तशीच. म्हणून ती आमच्या घरातली वाटायची.

ए-५०३: काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. ही तर आपली तीन डुकरंच की!

सचिव: किल्ली??

ए-५०३: थांबा, माझ्या बाळाला तीट लावते 😄

ए-३०४: ताई, चुकलंच माझं. ग्रिमच्या त्याच संग्रहात कोळी आणि त्याच्या बायकोची गोष्ट लो जर्मन या उत्तर जर्मनीतल्या बोलीत आहे. अख्खी. कोळी, बायको, मासा सगळे तेच बोलतात. मी मात्र एकट्या लांडग्याला वेगळं काढलं. या शनिवारी लाल टोपीवाली तुम्ही सांगाल का? अख्खी वऱ्हाडीत?

बी-४०२: मी? पाठ नाही मला.

ए-३०४: शेजारी बसते मी. लांडगा माझ्याकडे. तो काय बोलेल ते तुम्हीच शिकवा.

सी-२०३ आजी: पुढच्या वेळी डुकरं डी-५०१ च्या सासूबाईंना द्या. तिन्ही.

डी-५०१: विचारते. "कित्याक?" म्हणतील आधी, पण येतील.

बी-४०२: ठीक आहे. "आजी, तुये डोये एवढे मोठे काहून?" हे आईकडून फोनवर म्हणून घेते. लेकीलाही शेजारी बसवते.

सी-१०१ काका: गोष्टीला माझा विरोध नव्हता आणि नाही. पार्किंगचं काय ते सभेत बोला. किल्ली माझ्याकडे आहे, शनिवारी पाचला उघडतो.