ढोबळी मिरची: फांद्या किती ठेवायच्या?

शिरोळ, पॉलिहाऊस. लागवड होऊन महिना झाला, झाडाला पहिला फाटा फुटलाय. दोन फांद्या ठेवू की चार? फाट्यातली कळी राहू दे का?

— कळी आधी खुडा. ते फळ धरलं की झाड तिथंच खुंटतं. अंतर ४५ बाय ३० सेंमी असेल तर दोनच जोमदार फांद्या ठेवा, चारमध्ये नंतर दाटी होते. प्रत्येक फांदीला वरच्या तारेवरून वेगळी दोरी सोडा, गाठ सैल बांधा. आवळली तर खोड जाड होताना दोरी आत रुतते. बगलफूट (पानाच्या बेचक्यातून निघणारी फूट) एक-दोन पानं ठेवून खुडायची, दर ८-१० दिवसांनी.

— भावा, पानं मात्र जपून काढा. उघड्या पडलेल्या फळाला ऊन लागून पांढरे डाग पडतात, तो माल बाजारात कोण घेणार! आपल्याकडच्या पावसाळी हवेत छाटणी सकाळी दव वाळल्यावरच. कात्री झाडागणिक निर्जंतुक करा, रस लागून विषाणू पसरतो. चुरडा-मुरडा (पानं आकसून वळण्याचा रोग) झालेली झाडं सगळ्यात शेवटी हाताळा.

— दोरी नायलॉनचीच घ्या, सुतळी दमटपणानं कुजते.