मदत हवी आहे : ओव्हरक्लॉकनंतर गेममध्ये रंगीत चौकोन, तेही फक्त दुपारी

नमस्कार मंडळी. गाव पांढरकवड्याकडचं. इथे कॉम्प्युटरवाला म्हणजे झेरॉक्सवाला, म्हणून तुम्हाला विचारतो.

ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी. नागपूरहून सेकंडहँड आणलेलं, वॉरंटी नाही. थंडीत आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग बदलायचं सॉफ्टवेअर) ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवलं : कोअर (मुख्य चिप) +१२० आणि मेमरी +८०० मेगाहर्ट्झ. हेवन बेंचमार्क (कार्डाची चाचणी) तासभर बिनबोभाट चालला, गेमही चालले. आता मे लागला. दुपारी जीटीए फाइव्ह सुरू केला की थोड्या वेळात रस्त्यावर हिरवे-गुलाबी चौकोन लुकलुकायला लागतात. मग एखाद्या गाडीचा कोपरा ताणून त्याचा लांबच लांब त्रिकोण होतो नि आभाळात जातो. गेम बंद पडत नाही, निळा स्क्रीन नाही. रात्री तोच गेम, तीच सेटिंग, काहीच होत नाही.

डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या टूलने सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढून नवा टाकला. कोअर शून्यावर आणला. फरक शून्य. तापमान ८० च्या आसपास दिसतं, तेवढं हे कार्ड सोसतं, त्यामुळे उष्णतेचं कारण मला पटत नाही. माझा संशय लाइनवर आहे. दुपारी गावभर कूलर लागतात, आमची ट्यूब मिणमिणते. स्टॅबिलायझर घेऊ का? की कार्डच चाललंय? घरच्यांचा सल्ला 'विकून टाक ते डबडं' असा आहे, तो सोडून सांगा.

तर्रीपोहे :
स्टॅबिलायझरचे पैसे थांबवा. चौकोन दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या नि ती फाइल मोबाइलवर उघडा. फाइलमध्येही चौकोन असतील तर कार्डात चित्र तयार होतानाच घोळ आहे. फाइल स्वच्छ असेल तर केबल नाहीतर मॉनिटर बघा.

धागाकर्ता :
मोबाइलवरही तसेच दिसताहेत.

तर्रीपोहे :
मग कार्डच, आणि त्यातही मला मेमरी वाटते. कोअर जास्त ताणला तर सहसा गेम आपटतो किंवा स्क्रीन क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर परत उभा राहतो. तुमच्याकडे तसं काही नाही, नुसते चौकोन नि त्रिकोण आहेत. आणि तुम्ही कोअर शून्यावर आणलात, मेमरीचे +८०० तसेच आहेत!

दुपार-रात्रीचं कोडंही इथेच सुटतं. चिप तापली की कार्डातली जीपीयू बूस्ट ही सोय कोअरचा वेग आपणहून थोडा थोडा उतरवते. मेमरीला ही सोय नाही. तुम्ही दिलेला आकडा ती थंडीतही ओढते नि ४५ अंशांतही. शिवाय तुम्हाला दिसणारे ८० हे चिपचे आहेत, मेमरीचं तापमान या कार्डावर दिसतच नाही. कार्डाची मेमरी मुळात १४ जीबीपीएसची, +८०० म्हणजे जवळपास १५.६ (आफ्टरबर्नरचा आकडा इथे दुप्पट धरायचा).

आणखी एक. जीडीडीआर ६ मध्ये, म्हणजे या कार्डाच्या मेमरीत, चूक पकडायची सोय असते, चुकलेला डेटा परत पाठवता येतो. म्हणून कधीकधी चौकोन दिसायच्या आधीच एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) घसरू शकतात. नुसतं 'चाललं' यावर विश्वास ठेवू नका, +४०० चा नि +८०० चा स्कोअर शेजारी मांडून बघा.

लाइनचं म्हणाल तर बरे एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) १०० ते २४० व्होल्ट घेतात. फारच पडली तर मशीन रीस्टार्ट होईल, रस्ता गुलाबी होणार नाही.

बोंडअळी :
भाऊ, हे सारं बरोबर हाये, पन कॅबिनेट खोलून पाह्यलं का? कापूस कोन्या खोलीत भरता तुम्ही? आमच्या घरी भाव वाढाच्या आशेनं मार्चपर्यंत पडून राह्यते, अन् पीसी त्याच खोलीत. माह्या कार्डाच्या पंख्याखाली रुई अशी बसली होती का नखानं पापुद्रा निघे. टॉर्च मारून पाहा. साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवजा, गरगर फिरू देऊ नोका. अन् पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं मारू नोका, त्याच्या टाकीतलं पानी येते. कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नोका.

तर्रीपोहे :
हे भारी सांगितलं. आणि सेकंडहँड १६६० सुपर म्हणजे मायनिंगवरून (कार्डं रात्रंदिवस राबवून क्रिप्टो नाणी कमावणं) आलेलं असायची शक्यता धराच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी ढीगभर कार्डं बाजारात आली. त्या कामात मेमरीच पिळून निघते, तिची उष्णता ओढणारे थर्मल पॅडही वाळून कडक होतात.

धागाकर्ता :
उघडलं. कापूस त्याच खोलीत होता, पंख्याखाली रुईचा चक्क नमदा निघाला. साफ केलं, मेमरी शून्यावर आणली. भर दुपारी खेळलो, एकही चौकोन नाही, तापमान ७२. पण +८०० सोडवत नाही हो. आता रुई नाही, तर परत चढवू का?

तर्रीपोहे :
चढवा, पण ५०-५० ने. दर टप्प्याला ओसीसीटी या टूलची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट लावा नि ती दुपारी दोनला लावा, रात्री नको. एकही एरर आली तर तिथून १०० खाली या. जिथे थांबाल तो आकडा आफ्टरबर्नरच्या पहिल्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करा नि वर्षभर तोच ठेवा. हिवाळ्यात खाज सुटलीच तर दुसरं प्रोफाइल करा, पण 'ॲप्लाय ॲट स्टार्टअप' पहिल्यावरच असू द्या.

बोंडअळी :
अन् औंदा कापूस दुसऱ्या खोलीत भरा.