मदत हवी आहे : तेरा वर्षांच्या मुलाच्या खाण्याच्या सवयी घर आणि परिसरच घडवत असतील, तर सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. आमचा मुलगा आठवीत असून आम्ही नाशिकमध्ये एकत्र कुटुंबात राहतो. गेल्या वर्षभरात पोळी-भाजीवरचे त्याचे मन पार उडाले आहे. चिप्स, इन्स्टंट नूडल्स आणि थंड पेयांसाठी मात्र तो केव्हाही तयार असतो. त्याला समजावून सांगा, असे जो तो सुचवतो. परंतु विज्ञानाच्या पुस्तकातला संतुलित आहार त्याला तोंडपाठ आहे, त्यामुळे आणखी समजावून काय साधणार, हा मला पडलेला प्रश्न आहे.

शाळेच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा मुलांच्या अगदी हाताशी येतील अशा टांगलेल्या असतात, आणि केळी घ्यायची तर मंडईपर्यंत जावे लागते. मेदयुक्त, अतिगोड व अतिखारट पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्रीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे. राज्य शासनानेही २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला होता. प्रत्यक्षात आमच्या मुलाच्या शाळेच्या उपाहारगृहात वडापाव आणि वेफर्सच आधी संपतात, आणि डब्यात मेथीची भाजी दिसली की त्याचे मित्र नाक मुरडतात. या वयात मित्रांचे हसू झेलणे किती अवघड असते, हे आपण सारे जाणतोच.

घरातली गोष्ट अधिक नाजूक आहे. सासूबाई नातवाच्या हातावर रोज खाऊचे पैसे ठेवतात, आणि त्यामागे निखळ माया आहे. संध्याकाळी टीव्ही लागला की फरसाणाचा डबा आपोआप मध्ये येतो आणि मोठी माणसे खात असताना एकट्या मुलाला काकडी देणे मला अन्यायाचे वाटते. चांगले गुण मिळाले की पिझ्झा, भाजी संपवली की आइस्क्रीम, अशी आमच्याकडची रीत आहे. यातून भाजी म्हणजे शिक्षा आणि आइस्क्रीम म्हणजे बक्षीस, एवढेच मुलाच्या मनात पक्के होते. थंड पेयाच्या बाटलीवरचा तक्ता मी वाचला, तेव्हा १०० मिलिलिटरमागे सुमारे ११ ग्रॅम साखर दिसली, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत २७ ग्रॅमहून अधिक. २००० कॅलरींच्या आहारात वरून मिसळलेली आणि तत्सम साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दिवसभराची ती मर्यादा एका बाटलीतच ओलांडली जाते.

ज्यांनी एकत्र कुटुंबात असा बदल घडवला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. सासूबाईंचे मन न दुखावता खाऊच्या पैशांचा विषय कसा काढावा? त्या पैशांऐवजी त्यांच्याच हातचे काही, उदाहरणार्थ थालीपीठ किंवा शेंगदाण्याचा लाडू, मुलाला देण्याची कल्पना कोणाच्या घरी टिकली आहे का? फरसाण घरात आणणेच थांबवावे, की आठवड्यातला एखादा वार ठरवून घ्यावा? शाळेबाबत मी पालक-शिक्षक संघात विषय मांडणार आहे. तिथे दाद मिळाली नाही, तर ५० मीटरच्या नियमासाठी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करण्याचा कोणाला अनुभव आहे का, आणि टपरीवाल्याचे पोट न मारता त्याला चणे, फुटाणे, केळी ठेवायला कोणी राजी केले आहे का?