पैसे मोजून घेतलेला गेम माझा की कंपनीचा?

नौपाड्याचा

"डिस्क कवटाळून बसलेल्यांनी आता जागं व्हावं. ठाणे-नवी मुंबईत घरं केवढी, त्यात प्लास्टिकच्या डब्या ठेवणार कुठे? डिजिटल घ्या, सेलला घ्या, विषय संपला."

घणसोलीकर यांनी परवा या फोरमवर कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या, धाग्यात हे लिहिलं. डिजिटल म्हणजे डिस्क न घेता गेम इंटरनेटवरून आपल्या अकाउंटवर विकत घेणं. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

विषय कुठे संपला? २०१७ ते २०२२ मी अगदी त्यांच्यासारखाच होतो. एकतीस गेम घेतले, सगळे डिजिटल. अकाउंटला ऑफिसचा मोबाइल नंबर जोडलेला. नोकरी सोडताना सिमकार्ड परत दिलं. कन्सोलवर लॉगिन केलेलंच होतं, त्यामुळे नंबर बदलायचं कधी डोक्यातही आलं नाही. गेल्या पावसाळ्यात कन्सोल गेला. बोर्डच गेलाय म्हणाले, म्हणून भंगारात दिला आणि नवा आणला. लॉगिन करायला बसलो तर ओटीपी जुन्या नंबरवर.

त्या नंबरवर फोन लावला. भिवंडीचे एक गृहस्थ होते. सगळी हकिकत सांगितली. त्यांनी बिचाऱ्यांनी एकदा ओटीपी वाचूनही दाखवला, पण तोवर त्याची मुदत संपलेली. दुसऱ्या वेळी त्यांच्या मुलाने फोन घेतला आणि "फ्रॉड करता का?" म्हणून मला झापलं. त्या मुलाचं काहीच चुकलं नाही. कस्टमर केअर म्हणालं, जुन्या कन्सोलचा सिरियल नंबर द्या. कन्सोल भंगारात, तर नंबर कुठून देऊ?

एकतीस गेम. पैसे मोजून घेतलेले.

आणि माझ्या कपाटात नऊ डिस्क आहेत. त्यातली एक २०१६ मध्ये डोंबिवलीच्या एका पोराकडून आठशेला घेतली होती. ठाणे स्टेशनला सॅटिसच्या पुलाखाली उभ्या उभ्या व्यवहार झाला. वरून बस जात होत्या आणि आम्ही दोघं डबी उघडून, डिस्क उजेडाकडे तिरकी धरून ओरखडे बघत होतो. ती मी खेळलो, मग कळव्याला पुतण्याकडे गेली, तिथून त्याच्या मित्राकडे, आणि दीड वर्षाने घरी परत आली. तिला कुणी ओटीपी विचारला नाही.

युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' आठवतोय ना? २०१४ चा गेम. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने तो चालवणारे आपले सर्व्हर बंद केले आणि खेळच संपला. डिजिटलवाल्यांचं उद्या हेच होणार आहे.

घणसोलीकर

माझं नाव घेऊन लिहिलंय म्हणून उत्तर देतो.

पहिलं म्हणजे, तुमचं नुकसान झालं त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण ऑफिसच्या नंबरवर स्वतःचं अकाउंट ठेवणं ही तुमची चूक आहे, डिजिटलची नाही. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. बँकेच्या खात्याला तो नंबर जोडून ठेवला असतात तर बँक बंद करा म्हणाला असतात का?

दुसरं, 'द क्रू'चं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. तो गेम ऑनलाइन असल्याशिवाय चालतच नव्हता. सर्व्हर बंद झाले तेव्हा डिस्क असणाऱ्यांचाही खेळ त्याच दिवशी संपला. डबी कपाटात, डिस्क चकाचक, आणि उपयोग शून्य. डिस्कने त्यांना वाचवलं का?

तिसरं, आजची डिस्क म्हणजे जुन्या काळची कॅसेट नव्हे. सोनीच्या पीएस ५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलवर डिस्क घातली तरी गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या साठवणीत, उतरवावाच लागतो. पहिल्या पीएस ५ ची एसएसडी ८२५ जीबीची, वापरायला मिळते ६६७. वर पहिल्याच दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट. काही डब्यांत तर डिस्कच नसते, कोड छापलेला कागद असतो.

आणि टिकण्याचं म्हणाल, तर आमच्या काकांच्या घरी लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट होत्या. तीन पावसाळ्यांत टेपवर पांढरी बुरशी. काकू आजही त्यावरून रडते. आपल्या हवेत वस्तू जपणं म्हणजे काय, हे मला त्या कपाटाने शिकवलं. मी ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करतो. तिथे एक हार्ड डिस्क गेली की तिच्यावरच्या माहितीची प्रत दुसरीकडे असतेच. तुमच्या कपाटात दुसरी प्रत आहे?

नौपाड्याचा

'द क्रू'चं मान्य. डिस्कवाल्यांचाही खेळ बुडाला, हे लिहायला हवं होतं. बाकी काही मान्य नाही.

तुमच्या डेटा सेंटरमध्ये दहा प्रती असतील, पण त्यातली माझी कुठली? कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू आहे. तुम्ही वस्तू विकत घेत नसून फक्त वापरायचा परवाना घेताय, हे डिजिटल दुकानाने खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगायचं. म्हणजे इतकी वर्षं 'बाय' म्हणजे 'विकत घ्या'चं बटण दाबताना लोकांचा गैरसमज होत होता, हे सरकारलाच मान्य करावं लागलं. 'द क्रू' बंद झाल्यावर युरोपात गेम वाचवण्यासाठी जी सह्यांची मोहीम निघाली, तिने जुलै २०२५ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. हे दहा लाख लोक काय डब्या कवटाळून बसलेले आहेत?

आणि कन्सोलमधला डिस्क घालायचा ड्राइव्हच काढून टाकताहेत त्याचं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या पीएस ५ प्रोमध्ये ड्राइव्ह नाही, वेगळा विकत घ्यायचा. तो जोडतानाही एकदा इंटरनेट लागतंच.

कासारवडवली बी विंग

डिस्क की डिजिटल हे नंतर भांडा. मला कुणीतरी सांगा, तीनशे एमबीपीएसचं कनेक्शन घेऊनही रात्री दहानंतर गेम का अडकतो? अठ्ठावीस मजल्यांचा टॉवर आहे. वायफायची यादी उघडली की नावं संपत नाहीत. पोरगं ओरडतं, बायको ओरडते, ब्रॉडबँडवाला म्हणतो आमच्याकडून सगळं ओके आहे.

घणसोलीकर

लाइन ठीक असेल, हवेत गर्दी आहे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. अख्खा टॉवर त्या तिघांत कोंबलेला. ५ गिगाहर्ट्झवर जा, आणि जमलं तर राउटरपासून कन्सोलपर्यंत लॅनची केबल टाका. दुसरं म्हणजे गेमचा सर्व्हर मुंबईचा निवडलाय का बघा. सिंगापूर साधारण ३,९०० किलोमीटर आहे. फायबरमधून प्रकाशालाही जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतातच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्यापुढे तुमचे तीनशे एमबीपीएस काही करू शकत नाहीत.

सीवूड्सकर

तुम्ही सगळे मालकीचं बोलताय म्हणून लिहिते. माझ्या आईला स्वतःच्या घरातला टीव्ही लावता येत नाही.

आई एकाहत्तर वर्षांची, नेरुळला सिडकोच्या घरात एकटी असते. शनिवार-रविवार भाचा येतो, त्याचा कन्सोल त्याच टीव्हीला जोडलेला. सोमवारी सकाळी आई टीव्ही लावते तर काळा पडदा आणि 'नो सिग्नल'. मग मला फोन. मी तेव्हा वाशीच्या पुलावर लोकलमध्ये. "आई, सोर्सचं बटण दाब, टीव्हीने चित्र कुठून घ्यायचं ते बदलायचं." "कुठलं?" "चौकोनात बाण आहे ते." तिच्या रिमोटवर तसली दोन बटणं आहेत. शेवटी मी रिमोटवर नेलपॉलिशचे ठिपके काढून दिले. लाल म्हणजे टीव्ही सुरू, गुलाबी म्हणजे सोर्स, दोनदा खाली, मग ओके. दीड महिना चाललं. मग एका रात्री टीव्हीने स्वतःच अपडेट घेतला आणि सोर्सची यादी खालची वर गेली. उघडल्या उघडल्या अर्धा पडदा कुठल्यातरी वेबसीरिजच्या जाहिरातीचा. संध्याकाळी सातच्या बातम्या लावायला तिला शेजारच्या काकूंना हाक मारावी लागते. स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या टीव्हीवर.

कासारवडवली बी विंग

ताई, राग मानू नका, पण हे शिकण्यावर आहे. सत्तरीतल्या बायका भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देतात. आईला नीट बसून शिकवा. दर वेळी कंपनीला बोल लावून कसं चालेल?

सीवूड्सकर

राग मानणारच. माझी आई एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. नवऱ्यामागे दोन पोरं आणि घराचे हप्ते सांभाळले. तिला शिकता येत नाही असं तुम्ही कुठल्या आधारावर म्हणता? ती शिकली. तीनदा शिकली. वहीत आकृती काढून, बाण काढून शिकली. तीनही वेळा पडदा बदलला. यूपीआय वापरतेच ती, कारण तिथे भाजीवाल्याच्या पाटीवरचा चौकोन रोज तसाच असतो.

तुमचं पोरगं ओरडलं की तो वायफायचा दोष, आणि माझ्या आईला जमलं नाही की तिचा?

नौपाड्याचा

ताईंच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन. आणि बी विंगवाल्यांनी हे वाक्य मागे घ्यावं.

कासारवडवली बी विंग

तुम्ही कोण सांगणारे? मी वाईट हेतूने बोललो नाही. माझे स्वतःचे वडील ७६ चे आहेत, सगळं वापरतात.

खारेगाव टीव्हीवाला

भांडू नका. मी बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतो. कळवा, खारेगाव, विटावा, पारसिकनगर, सगळीकडे जातो. आठवड्याला दोन-तीन कॉल असे असतात की टीव्ही बिघडलेलाच नसतो, आणि घरात एखादं म्हातारं माणूस ओशाळून उभं असतं, "माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं" म्हणत. मी त्याचे पैसे घेत नाही. त्यांचा दोष नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या.

ताई, तुमच्याकडे काय होतंय ते सांगतो. कन्सोल, सेट टॉप बॉक्स टीव्हीला जोडतो त्या एचडीएमआयच्या केबलमधून उपकरणं एकमेकांना आज्ञा देतात, त्याला सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिमप्लिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, त्यामुळे गिऱ्हाइकाला ते सापडत नाही. कन्सोल चालू झाला की तो टीव्हीला आपल्याकडे ओढतो. बंद झाल्यावर टीव्ही त्याच पिनवर, म्हणजे त्याच सोर्सवर, बसून राहतो आणि सकाळी तुम्हाला 'नो सिग्नल'.

कुणी म्हणेल टीव्हीतलं सीईसी बंद करा. साउंडबार असेल तर ते करू नका, टीव्हीच्या रिमोटवरून त्याचा आवाज कमी-जास्त होणं थांबेल, कधी कधी आवाजच जातो. भाच्याचा पीएस ५ असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग एचडीएमआय, तिथे 'वन टच प्ले' आहे. तेवढंच बंद करा. मग टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये बघा, सुरू झाल्यावर काय दाखवायचं ते ठरवायची सोय बऱ्याच मॉडेलांत असते. तिथे सेट टॉप बॉक्सची पिन निवडा. होम स्क्रीन मधे येणारच नाही, जाहिरातही नाही. भाच्याला दर वेळी हाताने सोर्स बदलावा लागेल. बदलू द्या, तरणा आहे.

आता माझं दुखणं. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा कपॅसिटर फुगला तर मी थोडक्या पैशांत बदलून द्यायचो आणि तो टीव्ही आणखी सात वर्षं चालायचा. आता पॅनल गेलं तर त्याच्या किमतीत जवळजवळ नवा टीव्ही येतो. आणि पॅनल ठणठणीत असलं तरी आतली ॲप मरतात. १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर चालायचं बंद झालं. टीव्हीत बिघाड काहीच नव्हता. अशा घरी गेलो की गिऱ्हाईक म्हणतं, दुरुस्त करा. काय दुरुस्त करू?

घणसोलीकर

टीव्हीवाले दादा, सुरक्षेचे अपडेट थांबवून चालत नाहीत, एवढं माझ्या क्षेत्राच्या बाजूने सांगावं लागेल. पण अपडेटमध्ये बटणांच्या जागा हलवणं आणि जाहिरात घुसवणं याचा सुरक्षेशी काडीचा संबंध नाही, हे सीवूड्सच्या ताईंचं मला पटतं. डिस्कबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. मी वन रूम किचनमध्ये आईवडील, बायको आणि मुलगी यांच्यासोबत राहतो. शंभर डब्या ठेवायला माझ्याकडे खरोखर भिंत नाही, आणि सेलमध्ये चारशेला मिळणारा गेम डिस्कवर मला कुणी देत नाही. मी डिजिटल घेतो ते आळसाने नाही.

नौपाड्याचे साहेब, तुमच्या अकाउंटचं एक सुचतंय. सिरियल नंबर नुसता कन्सोलवर नसतो, बाहेरच्या खोक्याच्या लेबलवरही छापलेला असतो. खोका टाकला नसेल तर बघा. सोबत बँकेच्या स्टेटमेंटमधून २०१७ च्या पहिल्या खरेदीची तारीख आणि रक्कम काढून द्या.

सीवूड्सकर

काल रविवारी नेरुळला जाऊन दादांनी सांगितलं तसं केलं. टीव्हीतली सोय सापडायला पाऊण तास लागला, इंग्रजीत चार पायऱ्या आत होती. आज सकाळी फोन आला नाही. नऊ वाजता मीच काळजीने केला, तर मागे बातम्या चालू होत्या. भाचा रुसलाय.

कासारवडवली बी विंग

चार पायऱ्या आत असेल तर माझ्या वडिलांनाही सापडली नसती. तेवढं मागे घेतो. लॅनची केबल टाकली, फरक आहे.

नौपाड्याचा

खोका माळ्यावर होता. बायको तीन वर्षं टाका म्हणत होती, मी ठेवला होता. लेबल पावसाने थोडं सुटलंय पण नंबर वाचता येतो. फोटो, स्टेटमेंट सगळं पाठवलं. अजून उत्तर नाही.