पोटाचा टीबी: तुकडा न तपासता औषध सुरू करावं का?

देवगडचा दादा:
वहिनीला चार महिने संध्याकाळी कणकण, पोटात उजवीकडे खाली दुखायचं, वजन नऊ किलोने उतरलं. सोनोग्राफीत आतडं जाड दिसलं, तेवढ्यावर एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा (बायोप्सी) काढला. निघाला क्रोन्स, आतड्याला कायमची सूज आणणारा वेगळाच आजार! लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच जागी दोन्ही आजार बसतात. उलट चूक तर आणखी वाईट, क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं आणि टीबी असला तर तो भडकतो. तुकडा तपासल्याशिवाय पहिली गोळी नको, या मतावर मी ठाम आहे.

हर्णैवाली:
दादा, आमच्या आईचं जुलैत झालं. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, हातात पैसा नाही, पोट पाण्याने फुगलेलं, पेजसुद्धा जाईना. पोटातलं पाणी तपासलं: लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, एडीए (टीबीत वाढणारं एक एन्झाइम) ६८, जंतू नाही. डॉक्टरांनी त्यावरच औषध सुरू केलं आणि दोन महिन्यांत पोट उतरलं. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, सहा आठवडे लागतात. तोवर थांबायचं होतं का?

चिपळूणचा लॅबवाला:
पोटाच्या टीबीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकात क्वचितच दिसतात. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं तर प्रश्न मिटला, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं मात्र धरू नका. एडीए ३९ च्या वर गेला की संशय बळावतो, पण लिम्फोमातही (लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही) तो वाढतो.
एक कळकळीची विनंती. तुकडा काढताना सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकू देऊ नका, त्यात जंतू मरतात आणि कल्चर होतच नाही. थोडा भाग सलाईनमध्ये वेगळा मागा. आणि कुणी रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगत असेल तर उठून या, त्या तपासण्यांवर २०१२ पासून बंदी आहे.

देवगडचा दादा:
ताई, पाण्याच्या बाबतीत तुमचं पटलं. आतड्याच्या बाबतीत नाही.

हर्णैवाली:
पण तुकड्यातही काही सापडलं नाही तर? तेव्हा दोन महिने औषध देऊन पुन्हा दुर्बीण घालतात, व्रण भरले तर टीबी. म्हणजे औषध हीच तपासणी झाली ना?

देवगडचा दादा:
झाली, पण आधी तुकडा काढून झाल्यावर. आणि ती दुसरी दुर्बीण चुकवायची नाही. वहिनीला नुसत्या गोळ्यांवर सहा महिने ठेवलं असतं, तर क्रोन्सने तेवढ्यात आतडं आवळत गेलं असतं.