पौर्णिमेच्या चंद्रावर विवरं का दिसत नाहीत?

गच्चीवरून_नाशिक:
मुलीसाठी ७६ मिमी आरशाची, ७०० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण घेतली. पौर्णिमेला गच्चीवर लावली तर नुसता पांढराफेक गोळा. डोळे दिपले, पण डोंगर नाहीत की खड्डे नाहीत. दुर्बिणीत काही दोष असेल का?

तिथी_बघून:
दुर्बीण ठणठणीत आहे, तिथी चुकली. पौर्णिमेला तिथे ऊन आपल्या बाजूनेच पडतं, सावल्या दिसतच नाहीत, आणि खोली कळते ती सावलीमुळेच. उजेड-अंधाराच्या सीमेवर बघा. ही सीमा रोज साधारण १२ अंश सरकते, आणि तिथी म्हणजेही चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर हेच माझं वेळापत्रक.

शुद्ध षष्ठीला थिओफिलस गाठा. शंभरेक किमी रुंदीचं विवर, तळाशी मिट्ट काळोख आणि मधोमध शिखराचं टोक तेवढं उन्हात. घाई करू नका, तासभर तिथेच थांबा. विषुववृत्ताजवळ ही सीमा ताशी पंधराएक किमी सरकते, तो ठिपका तुमच्यासमोर वाढतो. नवमीला ‘सरळ भिंत’ हा कडा बघाच: ११० किमी लांबीची काळी रेघ. वद्य पक्षात ऊन दुसऱ्या बाजूने आलं की तीच रेघ उजळ होते. माझी सर्वांत आवडती जागा हीच. दशमीला कोपर्निकस विवर. एखादा दिवस मागेपुढे होतो.

सुरुवात २० मिमीच्या आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) करा (३५ पट), मग १० मिमी लावा. ४ मिमीच्या नादी लागू नका, चित्र अंधूक होतं.

अंगणातली_दुर्बीण:
दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो आणि चंद्र पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. जमलं तर अंगणात मातीवर मांडा. दुर्बीणही अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा.

गच्चीवरून_नाशिक:
दोघांचेही मनापासून आभार. मुलगी विचारतेय, चांद्रयान-३ उतरलं ती जागा दिसेल का?

तिथी_बघून:
विक्रम दिसणार नाही. ७६ मिमीच्या आरशातून तीनेक किमीहून लहान विवर ओळखू येणं कठीण. परिसर मात्र नक्की सापडेल: सुमारे ६९ अंश दक्षिणेला, मॅन्झिनस विवराच्या शेजारी. अगदी कडेला असल्याने ते गोल न दिसता लांबट दिसतं. शुद्ध षष्ठी-सप्तमीला शोधा. तुमच्या दुर्बिणीत चित्र उलटं येतं, तेव्हा नकाशा उलटा धरायला सांगा तिला.